चौदाशे रुपयांची बोंडं

काजूची बी फळाच्या, म्हणजे बोंडाच्या, बाहेर लटकते, हे मला एप्रिलच्या भर उन्हात एका पंचविशीतल्या मुलाने इंग्रजीतून समजावून सांगितलं. गोव्यातल्या काजूबागेच्या त्या सहलीसाठी आम्ही माणशी चौदाशे रुपये मोजले होते. मी मूळची दोडामार्गची, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या सिंधुदुर्गातली. आजोबांच्या काजूंखाली माझी प्रत्येक सुट्टी गेली. पण नवऱ्याने ऑनलाइन बुकिंग केलं होतं आणि पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून मी मान डोलावत राहिले.

गोव्यातले आधीचे दोन दिवस पणजीत गेले. गर्दी, घाम आणि पार्किंग. तिसऱ्या दिवशी डिचोली-साखळीवरून सत्तरी तालुक्यात शिरलो तेव्हा कुठे बरं वाटलं. बाग मात्र खरोखर देखणी होती. फणसाखाली बाकडी, त्यावर बुटके ग्लास, मीठ, लिंबं, उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या.

मुलगा पाठ केलेलं बोलत होता, पण चुकीचं काही बोलत नव्हता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 साली गोवा सरकारने तिला वारशाचा दर्जा दिला. ‘वारसा’ ऐकून मला हसू आलं. हद्दीच्या अलीकडे आमच्या गावात कुणी दारू गाळायचं हेच भांडं चुलीवर चढवलं तर पोलीस येतात.

मग रसासाठी बोंडं तुडवण्याचा कार्यक्रम. दगडात कोरलेलं कुंड, इथे त्याला कोळंबी म्हणतात, त्यात लाल-पिवळी बोंडं, आणि पाय धुऊन आत उतरायला पर्यटकांची रांग. दिल्लीची एक बाई मोजे घालून उतरली. प्रत्येकाची तीन-चार पावलं, एक फोटो, पुढचा. नवराही उतरला, पांढरा शर्ट घालून. मी सांगितलं होतं की हा डाग जात नाही. त्याने ऐकलं नाही. शर्ट आता फरशी पुसायला आहे.

मी रांग सोडून मागे भट्टीकडे गेले, आणि वळणावरच तो वास आला. आंबूस, गोडसर, नाकात चढणारा. आमच्याकडे बिया पिरगाळून काढल्या की बोंडं परसातल्या खड्ड्यात जायची. थोडी गुरं खायची, थोडी आम्ही मीठ लावून खायचो आणि मग घसा खवखवतो म्हणून ओरडा खायचो. बाकीची मे महिनाभर कुजत पडायची. आजी नाकाला पदर लावून त्या बाजूने जायची. तोच वास, फक्त इथे तो तांब्याच्या भांड्यातून नळीवाटे थेंबाथेंबाने खाली येत होता.

भट्टीपाशी वयाने सत्तरीच्या घरातले एक काका लाकडं पुढे सारत बसले होते. तळवे काळपट, बोटांची सालं निघालेली. ओल्या बीच्या चिकाने होतं तसं. शाळेत माझे हात असे असले की बाई वहीला हात लावू द्यायच्या नाहीत. मी नुसती बघत उभी राहिले, तर त्यांनी स्टीलच्या पेल्यात नीरो ओतून पुढे केला. तुडवून उरलेल्या चोथ्यावर रात्रभर दगड ठेवला की खाली निथळतो तो रस. थंड, गोड, जिभेला किंचित ओढ आणणारा. यात नशा नसते. एका दमात संपवला.

“खंयचीं तुमी?”

“दोडामार्ग, काका.”

ते हसले आणि मागच्या ढिगाकडे बोट केलं. “मगे हीं तुमचींच.”

काल संध्याकाळी दोडामार्गहून टेम्पो आला होता. बागेतली बोंडं पुरत नाहीत, हंगामात असे टेम्पो येतच असतात. पुढे तो मुलगा मात्र ‘फक्त आमच्या झाडांखाली आपसूक पडलेलं फळ’ असं सांगत होता. निदान आपसूक पडलेलं हे खरं असावं, कारण झाडावरून तोडलेलं बोंड कुणी आणत नाही, ते पुरतं पिकलेलं नसतं.

परत येऊन बाकड्यावर बसले तोवर हुर्राक आली होती. काजूच्या रसाची पहिल्यांदा गाळलेली दारू, फेणीपेक्षा बरीच सौम्य, आणि हंगाम संपला की संपली. साठवून ठेवण्यातली ती नव्हे. लिम्का, मीठ, मिरची. उन्हात हे जे लागतं त्याला तोड नाही, आणि मी दोन ग्लास घेतले हे इथे कबूल करते. त्यानंतर दुसऱ्यांदा गाळलेली फेणी आली, अंगठ्याएवढ्या ग्लासात. नवऱ्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि ग्लास माझ्याकडे सरकवला. गाडी कोण चालवणार हा प्रश्न तिथेच सुटला. वाळपईच्या पुढे एक धबधबा बघायचा बेत होता. मी गाडीत झोपले.

जाग आल्यावर भावाला फोन केला. आजोबांची झाडं आता तोच बघतो.

“बोंडं काय करतोस रे हल्ली?”

“गोव्याक जातत.”

“किती मिळतात?”

“टेम्पोचा भाडा सुटता, इतक्याच. कुजान जाण्यापरास बरा.” मग जरा थांबून, “तू कित्याक इचारतंस?”

“असंच,” म्हटलं. चौदाशेचा आकडा मी त्याला अजून सांगितलेला नाही.