शंभराऐवजी पासष्ट

मे महिन्यातल्या एका दुपारी कळमना बाजारात हमाली करणारे एक गृहस्थ धंतोलीतील आमच्या औषधालयात आले आणि इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या कॅप्सूलची पट्टी काउंटरवर ठेवून म्हणाले, "हे बदलून द्या जी ताई, काहीच फरक नाही पडून राहिला." नागपूरच्या उन्हात घामाने भिजलेल्या कपड्यांनिशी पोती वाहणाऱ्या माणसाला गजकर्ण किती छळते, हे मी दर उन्हाळ्यात पाहते.

औषध ते नेमाने घेत होते. "कधी घेता, काका?" असे विचारल्यावर उत्तर आले, "सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, ॲसिडिटीच्या गोळीसोबत." ती गोळी पँटोप्राझोलची होती आणि अल्सरसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली होती.

इट्राकोनॅझोल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; त्याची विद्राव्यता उदासीन पाण्यात दर मिलिलिटरला सुमारे १ नॅनोग्रॅम एवढीच असते, तर तीव्र आम्लात ती हजारो पटींनी वाढते. म्हणून नेहमीच्या कॅप्सूलमध्ये साखरेच्या बारीक दाण्यांवर औषध आणि हायप्रोमेलोज या पॉलिमरचा थर दिलेला असतो. त्या थरात औषधाचे रेणू स्फटिकासारखे घट्ट रचलेले नसल्याने ते लवकर सुटे होतात. मात्र त्यासाठी जठरात पुरेसे आम्ल लागते, आणि ही कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची ती याच कारणासाठी. आतड्यात पोहोचेपर्यंत जे विरघळले नाही, ते तिथे विरघळण्याची आशा फारशी नसते. काकांच्या बाबतीत जेवण नव्हते आणि आम्लही दाबलेले होते. साध्या अँटासिडच्या बाबतीत काही तासांचे अंतर ठेवून भागते. पँटोप्राझोलचा परिणाम मात्र दिवसभर टिकतो, त्यामुळे केवळ वेळा बदलून प्रश्न सुटणार नव्हता, आणि अल्सरची गोळी बंद करायला सांगणे हा माझा अधिकार नव्हता.

मी त्वचारोगतज्ज्ञांना फोन केला. पँटोप्राझोलची चिठ्ठी त्यांच्यासमोर कधी आलीच नव्हती. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या आणि त्या एकत्र पाहणारे कोणी नाही, असे आपल्याकडे फार वेळा घडते व त्याचा मला मनापासून त्रास होतो. त्यांनी इट्राकोनॅझोलचीच ६५ मिलिग्रॅमची 'सुपर बायोअव्हेलेबल', म्हणजे औषध रक्तात अधिक प्रमाणात पोहोचवणारी, कॅप्सूल लिहून दिली. तिच्यात वापरलेला पॉलिमर जठरातील आम्लात न विरघळता आतड्यात विरघळतो आणि औषध तिथेच मोकळे करतो, त्यामुळे आम्ल कमी असले तरी शोषण घटत नाही.

नवी पट्टी हातात घेऊन काकांनी तिच्यावरचा आकडा वाचला आणि ते थबकले. "आधी शंभरची होती, आता पासष्टचीच कशी जी?"

मी त्यांना बाकावर बसवले आणि सांगितले की आधीच्या कॅप्सूलमधले बरेचसे औषध रक्तात न जाताच शरीराबाहेर पडते, म्हणून तिच्यात ते जास्त भरावे लागते. हिच्यातले पासष्ट मात्र जवळपास तेवढेच रक्तापर्यंत पोहोचवतात, जेवढे आधीचे शंभर, पोट भरलेले आणि आम्ल पुरेसे असताना, पोहोचवू शकले असते.