साल्हेरच्या वाटेवर दुसऱ्या टाकीची परीक्षा

लडाखचं नाव काढलं की मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पेट्रोल पंपावरची ती पाटी सगळ्यांना आठवते: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. त्या धसक्याने गाडीला दुसरी टाकी बसवायला निघणारे नाशकात बरेच आहेत. आधी हिशोब करा. आमच्या डिझेल थारची कंपनीची टाकी ५७ लिटरची. चढ, खालचे गियर आणि टपावरचं सामान धरून लिटरला १० किलोमीटर पकडा, तळातलं ७ लिटर मोजूच नका. तरी ५०० किलोमीटर निघतात. मनाली-लेहला दुसरी टाकी लागत नाही. आम्हाला ती हवी होती लेहच्या पुढे, चुशूल-हानले-त्सो मोरिरीच्या फेऱ्यासाठी.

पण नवी टाकी घेऊन थेट तिकडे जाणं काही पटेना. म्हणून पावसाळा सरल्यावर घरच्याच डोंगरात तिची परीक्षा घेतली. जाताना दिंडोरी, वणी, नांदुरी, अभोणा, कनाशी करत साल्हेर किल्ल्याचा पायथा. येताना हातगड, बोरगाव, सुरगाणा, बाऱ्हे, पेठ. चढ, उतार, उखडलेला डांबरी रस्ता, बैलगाडीची वाट, सगळं यात मिळतं.

टाकी अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. ४५ लिटर, ३ मिमी ॲल्युमिनियम. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्वस्तात पडतो, पण डिझेलला तो चालत नाही. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि त्याचा त्रास इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरना होतो. आत भोकं पाडलेले दोन आडवे पडदे घालायला सांगितले. मिस्त्री म्हणाला, “साहेब, एवढीशी टाकी, बॅफल कशाला?” अर्धी भरलेली टाकी वळणावर डचमळते आणि तो सगळा मार वेल्डिंगच्या सांध्यांवर बसतो, म्हणून. तयार टाकीत फक्त ३ पीएसआय हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. जास्त हवा भरू नका, सपाट पत्रा फुगतो. आणि एकदा डिझेल गेलेल्या टाकीला वेल्डिंग लावू देऊ नका, मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी.

जागेचा विचार जास्त करावा लागला. मागच्या बंपरखाली टांगली तर उतरताना शेपूट आपटतं. सायलेन्सरच्या बाजूला तर नकोच. शेवटी मागच्या सीटच्या जागी, जमिनीलगत बसवली. भरलेल्या टाकीतलं डिझेल साधारण ३७ किलो, वर टाकी आणि पट्टे. म्हणजे मागे कायम एक माणूस बसलाय असं धरून चाला. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, खडकात पिळवटते, म्हणून टाकी चार कोपऱ्यांत घट्ट न आवळता तीन ठिकाणी, रबर घालून धरली. टाकीपासून चासीपर्यंत अर्थिंगची वायर वेगळी.

आता जोडणी. काही गॅरेजवाले सरळ थ्री-वे व्हॉल्व्ह लावून इंजिनाला या किंवा त्या टाकीवरून डिझेल देतात. कॉमन रेल, म्हणजे हल्लीच्या डिझेल इंजिनात न जळलेलं डिझेल रिटर्न लाइनने परत येतं. ओढायचं दुसऱ्या टाकीतून आणि रिटर्न पहिलीत, असं झालं की पहिली टाकी भरून वाहायला लागते. त्यापेक्षा १२ व्होल्टचा पंप बसवून दुसऱ्या टाकीतलं डिझेल पहिलीत सोडावं, मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर. पंपाची वायर बॅटरीजवळच्या स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. काटा अर्ध्याच्या खाली आल्याशिवाय स्विच दाबायचा नाही, हा आमच्या गाडीतला नियम.

वणीपर्यंत काहीच घडलं नाही. नांदुरीच्या पुढे मात्र खड्ड्यांत गाडी नाचायला लागली आणि मागून डिझेलचा वास आला. अभोण्यात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेमागे चहाला थांबलो आणि टाकी हुंगत बसलो. टपरीवाल्याने विचारलं, “भाऊ, यात दारू नेता का काय?” सांधे कोरडे होते, झाकणही कोरडं. कनाशीच्या पुढच्या चढावर गाडी नाक वर करून उभी केली तेव्हा कळलं. हवेची नळी, म्हणजे ब्रीदर, टाकीच्या मागच्या टोकाला होती. चढावर ते टोक खाली जातं, डिझेल नळीत शिरतं आणि थेंब थेंब बाहेर. शिवाय गळ्यापर्यंत भरलेली टाकी उन्हात तापली की २० अंशांच्या फरकाने ४५ लिटरचं डिझेल सुमारे पाऊण लिटर फुगतं. त्याला जागा हवी.

साल्हेरवाडीत गाडी सपाट जागी लावून नळी उंच बांधली आणि पंप चालवून पाच-सहा लिटर पहिल्या टाकीत सोडलं. परतीच्या वाटेवर, सावळ घाटातसुद्धा, वास नाही. नाशकात आल्यावर ब्रीदर टाकीच्या मधोमध घेऊन झाकणापेक्षा वर चढवला, तिथून गाडीबाहेर काढला आणि गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह लावला. टाकी गाडीच्या आत असेल तर यात काटकसर नको. नळी डिझेलला चालणाऱ्या रबराचीच घ्या. बागेतली पाण्याची नळी डिझेलला टिकत नाही.

साल्हेरला गेलात तर गडावरही जा. १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला. गाडीच्या नादात पायथ्यावरून परत फिरू नये. निघताना नाशकातच डिझेल भरा, आतल्या गावांत रात्री पंप उघडा मिळेल असं गृहीत धरू नका.

कागदपत्रांचं काम मात्र गाडी गॅरेजला लावण्याआधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाहीत. पेठ रोडच्या आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा, उत्तर फाइलला लावा. गॅरेजवाला म्हणेल, “कोण बघतंय?” अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेअर बघतो. परवानगीची खटपट नको असेल आणि तुमचं फिरणं हरसूल, जव्हार, भंडारदरा एवढंच असेल, तर कंपनीची टाकी भरून निघा, पैसे टायरवर घाला.

फिरती नसताना दुसरी टाकी एकतर पूर्ण भरलेली ठेवा, नाहीतर पूर्ण कोरडी. अर्ध्या टाकीत रात्रीच्या गारव्याने पाणी धरतं. आमची सध्या कोरडी आहे, फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून निथळलेली.