बारा अठ्ठेचाळीस

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून पाठव, असा निरोप आला तेव्हा मी ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये लोंबकळत उभी होते. पाठोपाठ दुसरा मेसेज, "आणि शाळेचं लिही. जर्मनीच्या गप्पा नकोत." संपादक मंडळात माझ्याच बाकावरची मैत्रीण आहे, तिला एवढा अधिकार आहे. तिचं मी निम्मं ऐकते. जर्मनीच्या गप्पा मारत नाही, प्रागच्या मारते. प्राग जर्मनीत नाही, हे तिला भूगोलाच्या बाईंनीच शिकवलेलं असणार.

बाईंचं नाव लिहीत नाही. २०१२ च्या आधी आपल्या शाळेत असलेल्याला ते सांगायची गरज नाही, आणि छापून आलेलं बाईंना आवडायचं नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, खांद्याला खादीची पिशवी, पिशवीत हजेरीपट, खडू आणि एक पितळी ओळंबा. गवंड्याचा असतो तो. नव्या मुलांना वाटायचं, बाई मारायला वापरतात. बाईंनी आयुष्यात कुणाला मारलं नाही. खडू मात्र नेम धरून फेकायच्या.

ध्वजस्तंभाच्या मागे, पाण्याच्या टाकीकडे जाताना जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ होती, आठवते ना? नवीन मुलं तिला खो-खोची समजायची. ती उत्तर-दक्षिण रेघ. आमच्या आधीच्या कुठल्यातरी वर्गाने आखलेली. सळई पुरायची, ती सरळ उभी आहे का ते ओळंब्याने बघायचं, सळईभोवती दोरीने वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे एक खडा, दुपारी परत टेकेल तिथे दुसरा. दोन खड्यांच्या बरोबर मधून सळईपर्यंत रेघ ओढली की झाली उत्तर. होकायंत्र नको, काही नको. यज्ञाची वेदी मांडणारे हेच करत होते, असं बाई सांगायच्या, आणि आम्ही माना डोलवायचो. सळईची सावली रेघेवर आली की आपल्या गावची खरी दुपार. वर्षातून एकदा, संमेलनाच्या आसपास, आठवीच्या मुलांनी ती वेळ टिपायची.

आमच्या गटात आम्ही चौघी. हॉलमध्ये कोळीगीताची तालीम सुरू होती. मी म्हटलं, दुपार म्हणजे बारा, त्यात बघायचं काय? वहीत '१२.००' लिहिलं आणि आम्ही हॉलमध्ये पळालो. सावलीचं चित्रसुद्धा काढलं, छायाभेद करून, रंगीत.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वही उघडली. चित्र बघून "छान" म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सूर्य तुला बारा वाजता भेटला का गं? मला तर बारा बत्तीसला भेटला."

वर्ग हसला. माझे कान तापले. बाईंनी शिक्षा म्हणून काही सांगितलं नाही. डब्याच्या सुट्टीत रेघेपाशी जाऊन उभी राहा, सावलीला विचारून ये, इतकंच. बारा ते पाऊण मी उभी. डिसेंबर असला तरी कराडचं ऊन, डोक्यावर तेल थापलेलं, बाजूने पाचवीची पोरं डबे घेऊन चाललेली. थोड्या वेळाने बाई आल्या, त्यांची ती काळी दांड्याची छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. आम्ही दोघी गप्प. सावली रेघेकडे सरकत होती. इतकी हळू, की बघत राहिलं तर हलत नाही आणि नजर काढली तर हललेली असते. रेघेवर आली तेव्हा बाईंनी मनगट उलटं करून मला घड्याळ दाखवलं. बारा बत्तीस.

मग हिशेब. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्तावर चालतं. आपण चौऱ्याहत्तरच्या जरा पुढे. फरक सव्वाआठ अंशांहून किंचित जास्त, एका अंशाला चार मिनिटं. मी बोटांवर केलं आणि म्हटलं, "तेहेतीस येतात, बाई. बत्तीस नाही."

बाई एवढ्या खूश झालेल्या मी नंतर कधी पाहिल्या नाहीत. दहावीच्या निकालालाही नाही. म्हणाल्या, "एक मिनिट कुठं गेलं, ते मोठी झालीस की शोध."

आता प्राग. ड्रेस्डेनला एम.एस. करत होते तेव्हा परदेशी विद्यार्थ्यांचा एक क्लब शनिवार-रविवारच्या सहली काढायचा. २०१६ च्या ऑक्टोबरात, महिन्याच्या बरोबर मध्यावर, प्राग ठरलं. एक रात्र हॉस्टेलात, एका खोलीत आठ बंक. आम्ही सत्तावीस जण, चीनचे, ब्राझीलचे, इराणचे, मराठी मी एकटी. रेल्वे एल्ब नदीच्या काठाने जाते, सवादोन-अडीच तास. हद्द ओलांडली की तीच नदी लाबे होते. प्रागची नदी व्हल्टावा, ती म्येल्निकला लाबेला मिळते. गंमत अशी की संगमापर्यंत लांबी जास्त व्हल्टावाची, पाणीही तिचंच जास्त, पण पुढे नाव चालतं लाबेचं. मी हे डब्यात सगळ्यांना सांगितलं. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात आणि काटकोनात वळून निघतात, हेही हातवारे करून सांगितलं. ब्राझीलच्या मुलाने कानातला इअरफोन काढला, ऐकून घेतलं आणि परत घातला. त्याच्याकडे अ‍ॅमेझॉन आहे, त्याला कोयनेचं काय.

शाकाहारी मुलीने प्रागमध्ये खायचं म्हणजे तळलेलं चीज आणि बटाटे. दोन दिवस तेच. युरोला सत्तावीस कोरुना मिळत होते, त्यामुळे सगळे आपापल्याला श्रीमंत समजत होते. बाकी सहलीचं वर्णन करत नाही, ते कुठल्याही ट्रॅव्हल कंपनीच्या पत्रकात मिळेल.

जुन्या शहराच्या चौकात लोक येतात ते घड्याळासाठी. १४१० सालचं खगोलीय घड्याळ, टाउन हॉलच्या भिंतीवर. तासाला सांगाडा घंटा ओढतो, वरच्या दोन खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या मूर्ती फिरून जातात, की संपला खेळ. आमची म्होरकी, एक काटेकोर जर्मन मुलगी, म्हणाली होती, "पावणेएकला सगळ्यांनी घड्याळाखाली. एकचा खेळ बघून पुलाकडे."

आणि मला चौकाच्या फरसबंदीत पितळेची एक अरुंद पट्टी दिसली.

वर लॅटिन आणि चेक अक्षरं. मोबाइलवर अर्थ काढला, एके काळी ज्या रेखावृत्तावरून प्रागची वेळ ठरवत, ते हे. इथे १६५० साली मेरीमातेचा उंच स्तंभ उभारला होता, त्याची सावली या रेघेवर पडली की प्रागचे बारा. १९१८ मध्ये जमावाने स्तंभ पाडला. मी गेले तेव्हा रेघ होती, स्तंभ नव्हता. माणसं तिच्यावरून सुटकेसच्या चाकांचा खडखडाट करत जात होती. ध्वजस्तंभामागची आपली रेघच ती, फक्त ऑइलपेंटऐवजी पितळेची.

साडेबारा वाजले होते. ढग होते, पण मधूनमधून ऊन येत होतं. मी फरसबंदीवर बसून तिकिटाच्या पाठीवर हिशेब केला. प्राग १४ अंश २५ मिनिटं, त्यांची प्रमाणवेळ १५ अंशांची. फरक पस्तीस मिनिटं अंशातली, म्हणजे घड्याळाची दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद. उन्हाळी वेळेचा एक तास, तिथे तेव्हा घड्याळं तासभर पुढे असतात. म्हणजे एक वाजून दोन मिनिटं. शाळेत असते तर इथेच थांबले असते. पण तोवर ते हरवलेलं एक मिनिट मला सापडलं होतं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, लायब्ररीत, भलत्याच विषयाचं पुस्तक चाळताना. पृथ्वीची कक्षा वर्तुळ नाही, लंबवर्तुळ आहे, ती सूर्याजवळ असताना वेगाने पळते, शिवाय आस कललेली. म्हणून सूर्य घड्याळाशी वर्षभर जुळत नाही, कधी पुढे, कधी मागे. २२ डिसेंबरच्या सुमारास दीड-दोन मिनिटं पुढे, आणि ऑक्टोबरच्या मध्याला तब्बल चौदा मिनिटं. दोनातून चौदा गेले. बारा अठ्ठेचाळीस.

इराणची मैत्रीण जवळच होती. तिला म्हटलं, छत्री दुमडून पट्टीच्या दक्षिण टोकावर उभी धर, हलू नकोस. तिने कारण विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. बारा चाळीसला सावली पट्टीच्या पश्चिमेला चार बोटं होती. छत्रीच्या दीडपटीहून लांब, कारण तिथे ऑक्टोबरातच सूर्य अगदी खाली येतो. पावणेएकला दीड बोट. मग ढग आला. घड्याळाच्या दिशेने आमची म्होरकी माणसं मोजत होती, पंचवीस, पुन्हा पंचवीस. फोन वाजत होता, मी उचलला नाही. ढग सरकला तेव्हा छत्रीची सावली पितळेवर होती, कडेला कड लावून. मी मोबाइल बघितला आणि चौकात उभी राहून मोठ्याने मराठीत म्हणाले, "बाई, बारा अठ्ठेचाळीस!"

बोलणी खाल्ली, हे वेगळं सांगायला नको. सत्तावीस जणांचा वेळ दोघींनी खाल्ला, असं तिने सगळ्यांसमोर सुनावलं, आणि तिचं बरोबर होतं. एकचा खेळ मी माणसांच्या पाठीमागून पाहिला. सांगाड्याचा हात तेवढा दिसला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या घड्याळाच्या बाहेरच्या कड्यावर जुनी चेक वेळ आहे, ती सूर्यास्तापासून मोजतात. आपल्या पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा दिवस मावळतीला संपायचा. बाई असत्या तर तेवढ्यावर एक तास गेला असता.

पुलाकडे जाताना कार्लोवा नावाची गल्ली लागते. तिथल्या एका घरात केपलर राहायचा. १६०० ते १६१२ तो प्रागमध्ये होता आणि ग्रहाची कक्षा लंबवर्तुळ असते हे त्याने इथेच, मंगळाच्या नोंदींवर डोकेफोड करून काढलं, १६०९ मध्ये छापलं. म्हणजे माझ्या त्या एका मिनिटाचा मालक याच गल्लीत भाड्याने राहत होता! बाकीचे सेल्फी काढत पुढे गेले. शेजारीच क्लेमेंटिनम, जुनी वेधशाळा असलेलं आवार. तिथे १७७५ पासून रोज तापमान टिपतात, खंड नाही. आपल्या शाळेचीही वही होती, कार्यालयाच्या खिडकीत, कमाल-किमान तापमान आणि पर्जन्यमापकातला पाऊस. सातवी-आठवीच्या मुलांच्या पाळ्या असायच्या. बाई निवृत्त झाल्या त्या वर्षी ती थांबली. कुणाला दोष देत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

रात्री हॉस्टेलात त्या घड्याळाचं चित्र असलेल्या पोस्टकार्डावर सगळा हिशेब बारीक अक्षरात लिहिला आणि बाईंच्या कराडच्या पत्त्यावर टाकला. हरवलेलं मिनिट सापडलं, असंही लिहिलं. जानेवारीत उत्तर आलं. एवढी स्तुती करून पाठवलेल्या कार्डाला दोन ओळी, "छत्री सरळ उभी होती हे कशावरून? ओळंबा लावला होतास का?"

नव्हता लावला.

पुढचं थोडक्यात. ड्रेस्डेनलाच चिप तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली. तिथे मोजमापाचंच काम करते, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक. आईला अभिमान आहे, काय करते ते तिला नीट सांगता येत नाही. सुट्टीत घरी आले होते तेव्हा मंगळवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानातून पितळी ओळंबा घेतला. दुकानदार म्हणाला, घर बांधताय का ताई? २०२२ च्या डिसेंबरात नवऱ्याला आणि लेकीला घेऊन मुद्दाम प्रागला गेले, तो घेऊन. आता तिथे स्तंभही आहे. पाडलेल्याची प्रतिकृती २०२० मध्ये पुन्हा उभी केली. चौकात नाताळचा बाजार, गरम वाइनचा वास, माणूस माणसाला खेटून. आणि दोन दिवस सूर्य दिसला नाही, तासभरही नाही. ओळंबा कोटाच्या खिशात घेऊन परत आले.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेले. नवी इमारत देखणी आहे, संगणक कक्ष तर आमच्या वेळी स्वप्नातही नव्हता. ध्वजस्तंभाच्या मागे आता पेव्हर ब्लॉक घातलेत. पाण्याची टाकीही हलवली. मी अंदाजाने उभी राहिले, शिपाईमामांनी विचारलं, काही पडलं का? रेघ तिथेच खाली असेल, पेंट तेवढं टिकाऊ होतं.

महोत्सव समितीला माझी विनंती आहे, आणि खर्च माझा. ब्लॉकची एक रांग काढून तिथे पितळेची पट्टी बसवू या. निमंत्रणात उद्घाटन दुपारी बारा वाजता म्हटलंय आणि कार्यक्रम २२ डिसेंबरला आहे. बाईंना आणायला गाडी पाठवणार असाल तर त्यांना खरी वेळ सांगा, बारा बत्तीस. पाहुण्यांची भाषणं तोवर आटोपतील असं धरते. ओळंबा मी घेऊन येते. सळईचं शाळेने बघावं.