दुसरं तलवार बदक

शिकारीचा परवाना काढलाय असं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा ती आधी गप्पच झाली. मग म्हणाली, "अगं, तू पक्षी बघायला जातेस ना? मारायला कधीपासून लागलीस?" मारत नाही गं, नुसता परवाना काढलाय, म्हटलं. "किती पैसे पडले?" सांगितले. "पावती जपून ठेव." आई एकतीस वर्षं इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत क्लार्क होती. देवावर नसेल एवढा तिचा पावतीवर विश्वास आहे.

ही २०१९ ची गोष्ट. मी कॅलिफोर्नियात, सॅक्रमेंटोच्या जवळ राहते. दर हिवाळ्यात विलोज गावाजवळच्या सॅक्रमेंटो अभयारण्यात माझ्या फेऱ्या असतात. सहा मैलांचा गाडीरस्ता आहे, काच खाली करून हळूहळू जायचं. दोन्ही बाजूंना पाणथळ, आणि त्यात अलास्का-कॅनडाकडून उतरलेली बदकं आणि स्नो गूज. गरुड घिरट्या घालायला लागला की ते पांढरे हंस एकदम उठतात, वाटतं एखादं अख्खं शेतच कुणी झटकून उचललं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर मी लहानपणी रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उडताना बघितलेत, पण हा आवाज तिथं नाही.

पहिल्याच वर्षी गेटवरच्या एका म्हाताऱ्या माणसानं सल्ला दिला होता, रोजचं तिकीट कशाला काढतेस, पंचवीस डॉलरचा डक स्टॅम्प घे, वर्षभर आत फुकट. घेतला. पोस्टाच्या तिकिटासारखाच दिसतो. २०१९ च्या स्टॅम्पवर वुड डक होतं, शेजारी लाकडी नकली बदक. पुढं कळलं की हे तिकीट मुळात शिकाऱ्यांसाठीच आहे. वय सोळा किंवा जास्त असलेल्या प्रत्येकाला बदकं-हंस मारायचे तर ते जवळ हवं, आणि कागदी तिकिटावर शाईनं सही हवी. सही नसली तर तिकीट नसल्यात जमा. १९३४ साली सुरू झालं तेव्हा किंमत एक डॉलर होती आणि पहिलं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकारानं काढलं होतं. दर डॉलरमधले अठ्ठ्याण्णव सेंट पाणथळ जागा विकत किंवा भाड्यानं घेण्यात जातात. आजवर साठ लाख एकर झाली म्हणे. म्हणजे मी काच खाली करून फुकट बघतेय असं मला वाटत होतं, आणि खर्च मुख्यतः बंदूकवाल्यांच्या खिशातून चालला होता. हे मला जरा लागलं.

ऑफिसात माझ्या शेजारी केव्हिन बसायचा (नाव बदललंय). पक्का बदकांचा शिकारी. जेवताना आमची नेहमी जुंपायची. एकदा तो वैतागून म्हणाला, "आधी कोर्स कर, मग भांड."

केला. इथं शिकारीचं शिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. १९५४ पासून तसा कायदाच आहे. अर्धा अभ्यास घरी कॉम्प्युटरवर, मग चार तासांचा प्रत्यक्ष वर्ग आणि परीक्षा. वर्ग एका क्लबच्या हॉलमध्ये होता. बापाबरोबर आलेली बारा-तेरा वर्षांची पोरं, एक ह्मोंग कुटुंब (लाओसच्या डोंगरातून आलेली ही माणसं शिकारीत मुरलेली, आणि आजोबाही नातवाशेजारी वही काढून बसलेले) आणि कुंकू लावलेली एकटी मी. शिकवणारे गृहस्थ निवृत्त प्लंबर. एक पैसा न घेता बावीस वर्षं शिकवत होते. बंदुकीचं तोंड कुठं असावं, चापावर बोट कधी ठेवू नये, हे सगळं त्यांनी खोट्या बंदुका हातात देऊन घोटून घेतलं. पण त्यांचा जीव चौथ्या नियमात: नेम धरलाय ते नक्की काय आहे आणि त्याच्या मागं काय आहे, हे कळल्याशिवाय गोळी नाही.

मग दिवे मालवून पडद्यावर नुसत्या काळ्या आकृत्या. पांढरं शरीर, पंखांची टोकं काळी: स्नो गूज, चालेल. सगळाच पांढरा, मान लांब: ट्युंड्रा स्वान, हा वेगळा मोठा हंस, कॅलिफोर्नियात हात लावायचा नाही. पांढरा, पण पंखाची मागची कड काळी: पेलिकन, अजिबात नाही. पाय मागं आणि मान पुढं ताणलेली: करकोचा, तोही नाही. एका आकृतीला तीन सेकंद. माझे सगळे बरोबर आले. ह्मोंग आजोबांचे एक सोडून सगळे. पोरांनी दोन-तीन पेलिकन पाडले. मी मनातल्या मनात जरा फुगले, ते पुढं अंगाशी आलं.

घरी येताना मला आमच्या दारावर यायचा तो पारधी आठवला. फासेपारधी. टोपलीत जिवंत लावे, खांद्याला फाशांची गुंडाळी, आणि पिंजऱ्यात पाळलेला एक तितर. तो तितर ओरडला की रानातले तितर भांडायला यायचे आणि फाशात अडकायचे. आजोबा त्याच्याकडून लावे घ्यायचे, आजी कटकट करत रस्सा करायची. त्याला आकृती दाखवायची गरज नव्हती. आवाजावरून नर-मादी सांगायचा. १९७२ चा वन्यजीव कायदा तेव्हा लागू होता. आणि परवा वाचताना मला कळलं की १९९१ च्या दुरुस्तीपर्यंत त्या कायद्यातही शिकारीचे परवाने होते, प्राणी-पक्षी पकडायचाही होता. त्या माणसाकडं असा कागद असेल हे आमच्या मनातही आलं नाही, त्याच्याही आलं नसावं. आधी इंग्रजांनी जन्मानं गुन्हेगार ठरवलेली जमात, ती सरकारी कचेरीत परवाना मागायला जाणार कशी? आपल्याकडं शिकार पुन्हा सुरू करा असं मी म्हणत नाहीये. आपल्याकडं माणसं किती आणि माळ उरलाय किती. पण ज्याला पक्षी सगळ्यात जास्त कळायचे त्याला आपण फक्त पकडला. शिकवला नाही, त्याला विचारलंही नाही. ओडिशात चिलिका सरोवराकाठच्या मंगलाजोडी गावात विचारलं, तर कालचे पक्षी मारणारेच आज राखण करतात आणि होडीतून लोकांना पक्षी दाखवतात.

असो. परवाना काढताना आणखी एक गंमत. दुकानातली मुलगी विचारते, गेल्या मोसमात बदकं किती मारलीत? हंस? पारवे? मी प्रत्येकाला "शून्य" म्हणत गेले, तिनं मान वर करून बघितलं. प्रश्न सगळ्यांनाच विचारतात. उत्तरांवरून ठरतं, देशभरातल्या कुठल्या शिकाऱ्यांकडून पुढं सविस्तर हिशेब मागवायचा.

डिसेंबरमधल्या एका शनिवारी केव्हिननं मला बरोबर नेलं. मी बिनबंदुकीची, फक्त दुर्बीण. पहाटे साडेतीनला तपासणी नाक्यावर रांग. तिथं परवाने, स्टॅम्प, सही, सगळं बघतात आणि एक कार्ड देतात. परत जाताना मारलेले पक्षी दाखवून ते कार्ड जमा करायचं. एका माणसाला आत फक्त पंचवीस काडतुसं. मग छातीपर्यंतच्या रबरी पँटी चढवून, काळोखात, गुडघाभर चिखलातून नकली बदकांचं पोतं ओढत आम्ही लव्हाळ्यातल्या आडोशाला पोचलो. थंडी अशी की दुर्बिणीची चाकं फिरेनात. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी पहिला बार काढता येतो, त्याआधी नाही. केव्हिन घड्याळाकडं बघत बसलेला आणि डोक्यावरून शेकडो पंखांची सळसळ. त्या पाच मिनिटांत मला तो पहिल्यांदा आवडला, खरं सांगायचं तर.

दिवसाला सात बदकं, असा त्या वर्षी नियम. पण तलवार बदक, म्हणजे पिनटेल, फक्त एक. आदल्या वर्षी दोन चालत होती. हा पक्षी उत्तरेकडच्या गवताळ मैदानात आणि शेतातल्या धसकटात घरटी करतो, लवकर नांगर फिरला की अंडी जातात, म्हणून त्याचा आकडा घसरलेला. हेच तलवार बदक आपल्याकडं उजनीवरही येतं, सैबेरियाकडून. उडताना बारीक लांब मान, टोकदार शेपटी. मी त्याला झोपेतही ओळखेन.

साडेसातपर्यंत केव्हिनकडं दोन टील (छोटी बदकं) आणि एक तलवार बदकाचा नर झाला होता. मग धुकं उतरलं. डावीकडून तीन करडी बदकं आली, खाली, पंख आवळून. पहिलं गॅडवॉल होतं, ही बदकाची दुसरी जात, पंखावरचा पांढरा चौकोन मला स्पष्ट दिसला. दुसरंही. तिसऱ्याची मान लांब होती. मला दिसली. "तिसरी नको" एवढे दोन शब्द बोलायचे होते, आणि मी विचार करत बसले की त्याला आवडेल का, पाहुणी म्हणून आलेय, मध्ये बोलावं का. बार झाला. तिसरीच पडली.

त्यानं पाण्यात उतरून उचलली, उलटीसुलटी केली आणि तसाच उभा राहिला. तलवार बदकाची मादी. दुसरं तलवार बदक. पांढरा चौकोन कुठंच नाही, चॉकलेटी पंखाला फक्त मागून पांढरी कड.

लव्हाळी दाट होती. धुक्यात वीस फुटांवरचं दिसत नव्हतं. केव्हिन आडोशात येऊन बसला, मादी मांडीवर, आणि बराच वेळ बोलला नाही. तो काय विचार करत होता ते मला कळत होतं आणि मला कळतंय हे त्याला कळत होतं. मग त्यानं बंदूक उघडून काडतुसं काढली आणि मादीला बाकीच्यांबरोबर पट्ट्यात अडकवलं. "आजचं झालं," म्हणाला. मी म्हटलं, मला दिसलं होतं. तो म्हणाला, "बोलायचंस ना मग." बस्स, एवढंच.

बांधावरून परत येताना धुक्यातून वन्यजीव खात्याचा वॉर्डन आला. हिरवा गणवेश, गळ्यात दुर्बीण, मांडीपर्यंत ओला. कधीपासून जवळपास होता देव जाणे. त्यानं विचारायच्या आत केव्हिननं सांगून टाकलं: एक तलवार बदक जास्त आहे, गॅडवॉल समजून मारली. वॉर्डननं मान हलवली आणि तरीही सगळी तपासणी पहिल्यापासून केली. बंदुकीच्या नळकांड्यात काडतुसं सरकवून बघितली, दोन गेली, तिसरं जाता कामा नये, तीनपेक्षा जास्त बार भरता येऊ नयेत म्हणून आत गुटका लागतो. काडतुसांना लोहचुंबक लावला. छर्रे पोलादासारखे बिनविषारी हवेत. शिशाचे छर्रे तळाशी पडले की बदकं खड्यांबरोबर गिळतात, पेषणीत ते झिजतात आणि विषबाधेनं पक्षी मरतो, म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांसाठी देशभर बंद आहेत. मग स्टॅम्प मागितला. सही बघितली. माझं नाव, मी कोण, हेही विचारलं. शेवटी मादी वेगळ्या पिशवीत घातली आणि केव्हिनला चलान फाडलं.

"चिखलात टाकून आला असतात तर दोन गुन्हे झाले असते," तो म्हणाला. मारलेला पक्षी वाया घालवणं हा इथं वेगळा गुन्हा आहे. आवाजात ना राग ना कौतुक. आमच्याकडचे कंडक्टर सुट्टे पैसे परत देताना बोलतात तसा. दंड किती झाला ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी केव्हिनच्या गॅरेजमध्ये टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं. त्या मोसमात पंख पाठवायला त्याची निवड झाली होती. मारलेल्या प्रत्येक बदकाचा एक पंख कापून, पोस्टेज भरलेल्या पाकिटात घालून सरकारला पाठवायचा. मोसम संपला की जीवशास्त्रज्ञ टेबलांभोवती बसून हजारो पंख बघतात. जात, नर की मादी, आणि त्याच वर्षीचं पिल्लू की जुनं. पिल्लांचं प्रमाण किती यावरून कळतं की उत्तरेला वीण कशी झाली, आणि पुढं किती मारायची मुभा द्यायची हे ठरवायला ते कामी येतं. केव्हिननं तीन पाकिटं भरली. टील, टील, तलवार बदकाचा नर. जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या पक्ष्याचा पंख हातात घेऊन पंख्यासारखा उघडला. बाहेरच्या पिसांची कड कशी झिजते ते केव्हिननं बोटानं दाखवलं. चौथं पाकीट रिकामं राहिलं, ते त्यानं परत गठ्ठ्यात ठेवलं.

रविवारी आईला सगळं सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, हे नवलच.

"म्हणजे मादी तो साहेब घेऊन गेला?"

"हो."

"पावती दिली का?"

दिली म्हटलं. चलानाची प्रत केव्हिनकडं आहे.

"त्यावर मादी लिहिलंय का नुसतं बदक?"

मी केव्हिनला विचारून सांगते म्हटलं.