पुढच्या सीटखालची पिशवी

मी कऱ्हाडहून टूरिस्ट गाडी चालवतो. कोकणात उतरायची भाडी बारा महिने असतात आणि त्यातली बहुतेक कुंभार्ली घाटातून जातात. गाडीत अडीनडीचं सामान ठेवावं, हे सगळेच सांगतात. ते कुठं ठेवावं, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते निम्मं काम तिथंच होतं किंवा फसतं. नव्या गाडीबरोबर टूलकिट, प्रथमोपचार पेटी आणि धोक्याचा लाल त्रिकोण मिळतो, मोटार वाहन नियमांतच ते आहे. पण कितीतरी गाड्यांत तो त्रिकोण स्टेपनीच्या शेजारी, कंपनीच्या वेष्टनातच पडून असतो आणि त्याच्यावर सगळ्या कुटुंबाच्या बॅगा रचलेल्या असतात.

माझ्या गाडीत दोन त्रिकोण ड्रायव्हर सीटच्या कडेला उभे खोचलेले असतात. रेडियमचं जॅकेट दाराच्या कप्प्यात. बाकीचं सगळं एका ताडपत्रीच्या पिशवीत, डाव्या पुढच्या सीटखाली. डिकीत फक्त जॅक, पाना, टोचन करायचा दोर आणि जंपर केबल.

जुलैतला सोमवार होता. भाडं विट्याचं, गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला जाणारं. सत्तरीच्या आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. डिकी छतापर्यंत भरलेली. पाटण सोडलं तेव्हा भुरभुर होती, कोयनानगरला पोचेपर्यंत धो धो. या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, त्यामुळं आम्हाला त्याचं नवल नाही. पण 2021 च्या जुलैत याच पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथं दरडी घरांवर आल्या, माणसं गाडली गेली. तेव्हापासून पावसात या रस्त्यावर मी डोंगराकडची काच थोडी खाली ठेवतो. दगड घरंगळल्याचा आवाज आधी कानाला कळतो.

हेळवाक मागं टाकून घाट लागला आणि धुकं इतकं दाटलं, की बोनेटच्या पुढं जेमतेम दोन गाड्यांचं अंतर दिसत होतं. एक आंधळं वळण घेतलं आणि समोर लाल दिवे. रांग थांबलेली, पुढं दरड आलेली. आमची गाडी रांगेत शेवटची होती, आणि मागं तेच वळण.

अशा वेळी मला पुढच्या दरडीपेक्षा मागचं वळण जास्त भिववतं. उतारावर ओल्या रस्त्यानं येणारा अवजड गाडीवाला वळण संपल्यावर आपल्याला बघतो, आणि तेव्हा त्याच्या हातात काही उरलेलं नसतं. चारी इंडिकेटर लावले, मागच्यांना पट्टे सोडू नका म्हणालो, जॅकेट चढवलं आणि त्रिकोण, टॉर्च घेऊन डोंगराच्या बाजूनं पळत वळणाच्या पलीकडं गेलो. त्रिकोण गाडीच्या मागं पन्नास मीटरवर ठेवा म्हणतात. सरळ रस्त्यावर ते ठीक आहे. घाटात तो वळणाच्या अलीकडं ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. येणाऱ्याला वळणात शिरण्याआधी दिसला पाहिजे. पहिला त्रिकोण ठेवला तोच वाऱ्यानं आडवा केला. मग गटाराच्या कडेचे दोन दगड उचलून त्याच्या पायांवर ठेवले. दुसरा आणखी वर नेऊन तसाच बसवला आणि साइडपट्टीच्याही आत, गटाराला पाठ लावून टॉर्च हलवत उभा राहिलो.

धुक्यात आधी इंजिनाचा आवाज आला, मग दोन पिवळे ठिपके. दुधाचा टँकर होता. त्रिकोणाच्या रेडियमवर त्याचा उजेड पडला, तशी ब्रेकची हवा फसफसली आणि टँकर वळणाच्या तोंडाशी थांबला. त्या ड्रायव्हरनं काच खाली केली, काही विचारलं नाही, नुसता हात वर केला आणि स्वतःचे चारी इंडिकेटर लावले. गाडीपासून इथवर पोचायला मला फार तर दीड-दोन मिनिटं लागली असतील. डिकी उघडून बॅगा पावसात काढत बसलो असतो, तर टँकर माझ्या आधी पोचला असता. हे सांगताना आजही माझ्या पोटात गोळा येतो, कारण मागच्या सीटवर दोन पोरं होती.

फोनला रेंज नव्हती. 108 असो की 112, टॉवरच नसेल तर नंबर पाठ असून काय होणार? एका मोटारसायकलवाल्याला परत वर पाठवलं, कोयनानगरच्या पोलिसांना निरोप द्यायला. दरडीतून अजून गढूळ पाणी आणि बारकी खडी येत होती. म्हणजे डोंगर अजून बसलेला नव्हता. तिच्याजवळच्या गाड्या शिट्टी वाजवून, एकेकाला हातानं दाखवत मागं घेतल्या. काहीजण दरडीपुढं उभं राहून फोटो काढत होते, त्यांना हाताला धरून मागं आणावं लागलं.

मग नुसतं थांबणं आलं. पोरांना चिक्की दिली. तासाभरानं सून म्हणाली, "दादा, आत्या काहीतरी वेगळंच बोलायला लागल्यात." मागचं दार उघडून बघितलं, तर आजी नातवाला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारत होत्या. हवेत गारठा, आणि त्यांच्या कपाळावर, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब. मांडीवरचे हात थरथरत होते, बांगड्या एकमेकींवर किणकिणत होत्या. मुलाला वाटलं गारठल्यात, तो शाल शोधायला लागला.

"आजींना शुगर आहे का?"

"आहे की. पण गोळी सकाळीच घेतलीय, चुकवली नाही."

"आणि खाल्लंय काय?"

आजींचा सोमवारचा उपवास होता. दर्शन झाल्यावरच तोंडात काही घालायचं म्हणून सकाळपासून फक्त कपभर चहा, तोही बिनसाखरेचा. म्हणजे गोळी पोटात गेलेली आणि वर अन्न नाही. आमच्या संघटनेनं प्रथमोपचाराचं शिबिर घेतलं होतं, त्यात डॉक्टरांनी हे फोड करून सांगितलं होतं: साखर वाढल्याचा त्रास हळूहळू होतो, उतरली तर माणूस बघता बघता हातचा जातो. घाम, थरथर, बरळणं दिसलं आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच साखर द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं.

आजींनी माझ्याकडं बघितलं, पाणी दिलं तर घोट नीट गिळला. पिशवीतून ग्लुकोजचा पुडा काढला. पंधरा ग्रॅम द्यायचं, म्हणजे अंदाजे तीन चमचे. थर्मासच्या झाकणात कालवून सुनेच्या हातात दिलं, कारण आजी माझ्या हातून घेईनात. "उपास मोडतोय गं," एवढंच म्हणत होत्या. मी म्हणालो, "आजी, महादेवाला मी सांगतो. तुम्ही प्या." मुलानं पाठीला हात लावून धरलं आणि घोट-घोट करत ते संपलं.

त्यानंतर पंधरा मिनिटं थांबायचं असतं, आणि ती फार अवघड असतात. मी घड्याळ बघत होतो, सून आजींचे तळवे चोळत होती. हातांची थरथर कमी झाली, पण बोलणं अजून तुटक होतं, म्हणून पुन्हा तेवढंच दिलं. थोड्या वेळानं त्यांनी नातवाला त्याच्या नावानं हाक मारली आणि विचारलं, "आपण अजून हितंच?" तेव्हा गाडीतलं वातावरण सैल झालं. मग बिस्किटं खायला लावली. गोळ्यांची पट्टी मागून बघितली, ग्लिमेपिराइड होती. या जातीच्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून नुसतं ग्लुकोज देऊन भागत नाही. वर खाणं हवं आणि पुढं डॉक्टर हवा.

पोफळीच्या बाजूनं जेसीबी आला तेव्हा अंधारत आलं होतं. एका बाजूनं वाट मोकळी झाली, तर आमच्या पुढची गाडी चालूच होईना. एवढा वेळ इंडिकेटर लावून बसल्यानं बॅटरी उतरलेली. आता घाई नव्हती, बॅगा खाली उतरवून जंपर केबल काढली. लाल तार दोन्ही बॅटऱ्यांच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी उडू नये म्हणून ते टोक लांब लावायचं. गाडी सुरू झाली. जाताना वर जाऊन माझे त्रिकोण उचलून आणले.

गुहागरची वाट सोडून आधी कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात गेलो. तिथं साखर 92 निघाली, म्हणजे ठीक होती. डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं आणि उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते नीट लिहून दिलं. मी गाडीतच झोपलो.

दुसऱ्या दिवशी दर्शन झालं. परतताना मुलानं चिपळूणच्या बाजारात गाडी थांबवायला सांगितली आणि वहीचं पान पुढं केलं: "भाऊ, तुमच्या पिशवीत काय काय असतं ते सांगा." ग्लुकोज, मीठ-साखरेची पाकिटं, कोरडं खाणं, पाणी, जाड पट्ट्या आणि दाबून धरायला गॉज, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे, शिट्टी, टॉर्च आणि त्याचे वेगळे ठेवलेले सेल, पातळ चादर, प्लॅस्टिकचा कागद, पंक्चर किट. सेल टॉर्चमध्येच ठेवले तर पाझरतात, हेही त्यानं लिहून घेतलं. औषधांच्या तारखा मी पावसाळ्याआधी आणि दिवाळीत बघतो, म्हणून सांगितलं. साखर मोजायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं. औषधाच्या दुकानात त्यानं दोन घेतली आणि एक माझ्या हातात ठेवलं. यंत्रात घालायच्या पट्ट्यांचं खोकं उन्हात तापू द्यायचं नाही, असं दुकानदारानं बजावलं, म्हणून ते तेवढं मी गाडीत ठेवत नाही. निघताना घरून पिशवीत घालतो.