मृत्युपत्रात संस्थेचं नाव कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भिशीत, लग्नकार्यात, बँकेतल्या जुन्या मैत्रिणी भेटल्या की हा प्रश्न येतोच: दोन मुलं आहेत, नातवंडं आहेत, मग मृत्युपत्रात जमनालाल बजाज या मॅनेजमेंट शिकवणाऱ्या इन्स्टिट्यूटला दहा टक्के कशाला? पाठोपाठ दुसरा प्रश्न: द्यायचंच आहे तर आत्ताच का देत नाहीस?

मी फोर्टमधल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क होते. काउंटरचा हिशेब जुळला की तडक चालत चर्चगेट गाठायचं आणि बजाजच्या संध्याकाळच्या फायनान्सच्या वर्गात जाऊन बसायचं. वर्गात सगळे नोकरदारच. लेक्चरच्या आधी आम्ही दोघी-तिघी पायऱ्यांवर डबे उघडायचो. पहाटे डोंबिवलीत लाटलेली पोळी तोवर पार वातड झालेली असायची. घरी पोचायला अकरा वाजायचे, कारण दादरला पूल ओलांडून पुन्हा सेंट्रलची गाडी पकडायची.

एका संध्याकाळी सरांनी एका कंपनीचा वार्षिक अहवाल हातात दिला आणि विचारलं, "यात काय सांगायचं टाळलंय?" मी गप्प. तोपर्यंत ताळेबंद जुळला म्हणजे तो खरा, अशीच माझी समजूत होती. सरांनी शेवटच्या पानांवरच्या बारीक अक्षरांतल्या टिपा एकेक करून वाचायला लावल्या. पुढे मी कर्ज विभागात अधिकारी झाले आणि निवृत्तीपर्यंत कुठलाही अहवाल मागच्या पानांपासून वाचत आले. माझी सगळी नोकरी त्या एका संध्याकाळवर उभी राहिली असं मी म्हणते, तेव्हा त्यात अतिशयोक्ती नसते.

"फी भरलीस ना? मग देणं कसलं राहिलं?" असं माझे दीर म्हणतात. फी भरली, पण ती माझ्या पगारात बसली याचं कारण खर्चाचा मोठा भाग माझ्या नावे पडलाच नाही. ही मुंबई विद्यापीठाची संस्था. १९६५ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बिझनेस स्कूलच्या सहकार्याने ती सुरू झाली आणि जमनालालजींचं नाव बजाज कुटुंबाच्या देणगीतून आलं. पुण्याच्या बीएमसीसीचंही, म्हणजे बृहन्महाराष्ट्र कॉलेज ऑफ कॉमर्सचंही तसंच. १९४३ साली निघालेल्या त्या कॉलेजच्या नावातलं 'बृहन्महाराष्ट्र' एका साखर कंपनीच्या देणगीमुळे आहे. तिथून बी.कॉम. झालेल्या कितीजणांना हे माहीत असतं? कुणीतरी आधी देऊन ठेवलेल्या पैशावर आपण शिकतो, आणि फीची पावती तेवढी जपून ठेवतो.

देणगी म्हटलं की लोकांना टाटा आठवतात. रतन टाटांनी १९७५ साली हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये एक अभ्यासक्रम केला होता. २०१० मध्ये टाटा समूहाने आणि टाटा ट्रस्टनी त्या शाळेला ५ कोटी डॉलर दिले. असं काही वाचलं की मध्यमवर्गीय माणूस मनातल्या मनात मागे सरकतो. पण त्याच घराण्यातल्या, आधीच्या पिढीतल्या सर रतन टाटांचा ट्रस्ट १९१९ साली त्यांच्या मृत्युपत्रानुसार उभा राहिला. ती वाट तुमच्याआमच्यासाठीही उघडी आहे. आज हातात पैसा नसला, तरी आपल्यामागे काहीतरी उरतंच.

आत्ता का नाही देत, त्याचं उत्तर सरळ आहे. आई आठ वर्षं अंथरुणावर होती. त्या आठ वर्षांचा खर्च मी पाहिलाय. माझ्यावर तशी वेळ आली तर मुलांपुढे हात पसरायचा नाही. म्हणून दरवर्षी थोडं देते आणि मोठा वाटा मागे ठेवते. अमेरिकेतल्या बिझनेस स्कूल यावर एक तोडगा देतात: माजी विद्यार्थी रक्कम देतो, संस्था त्याला हयातभर ठरावीक उत्पन्न देते, आणि उरलेलं संस्थेचं होतं. तिथे मोठ्या इस्टेटीवर करही असतो, तो वाचतो. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी, म्हणजे मागे ठेवलेल्या मालमत्तेवरचा तसाच कर, १९८५ साली रद्द झाली, त्यामुळे मृत्युपत्रातल्या देणगीने तसा कर काही वाचत नाही. करासाठी करत असाल तर हा मार्ग नाही.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. आणि नॉमिनी लावला म्हणजे झालं, असं समजू नका. बँकेत मृत खातेदारांचे क्लेम हाताळताना मी यावरून सख्खी भावंडं काउंटरवर भांडलेली पाहिली आहेत. शेअर्सच्या बाबतीतही नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलंय.

संस्थेचं नाव पूर्ण लिहा. आमच्या एका खातेदारांनी नुसतं 'माझ्या कॉलेजला' असं लिहून ठेवलं होतं. ते तीन कॉलेजांत शिकले होते. घरच्यांनी कोणत्या कॉलेजला द्यायचं? बजाज हा मुंबई विद्यापीठाचा विभाग, म्हणून मी विद्यापीठाचं नाव घातलं आणि पैसे कशासाठी तेही लिहिलं: संध्याकाळच्या वर्गात शिकणाऱ्या नोकरदार मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी, तो वर्ग बंद झाला असेल तर तशाच गरजू विद्यार्थिनींसाठी. रक्कम मुद्दाम लिहिली नाही, टक्के लिहिले. आजचे पाच लाख वीस वर्षांनी किती उरतील, हे बँकेतल्या बाईला कुणी सांगायला नको.

मसुदा झाल्यावर दोन्ही मुलांना बोलावलं. मुलगा काही बोलला नाही. लेकीने पेन्सिल घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाली, "आई, हे दहा टक्के द्यायला आम्हाला हे घर विकावं लागेल का?" मला ते सुचलंच नव्हतं. आम्ही तिथेच बसून वाक्य बदललं: फ्लॅट मुलांचा, दहा टक्के फक्त ठेवी आणि म्युच्युअल फंडातले. मग मुलाने विचारलं, "ती शिष्यवृत्ती कुणाच्या नावाने?" मी नाव घातलं नव्हतं. तो म्हणाला, "आजीचं घाल. तू रात्री अकराला यायचीस तेव्हा आम्हाला तीच जेवू घालायची."

ते वाक्य आता मृत्युपत्रात आहे.