बेबो: इथे मारला जाणारा, अंदमानात डोईजड झालेला

जून आला की गोव्यात बेब्यांचा विषय निघतो आणि दरवर्षी तेच तेच बोलून संपतो, म्हणून यंदा जरा सविस्तर लिहून टाकते. बेबो म्हणजे बैलबेडूक. पहिली जोराची सर पडून मळ्यात पाणी साचलं की त्याच रात्री हे बाहेर येतात, नर अक्षरशः पिवळेधमक होतात, गळ्याखाली दोन निळ्या पिशव्या फुगवून असे ओरडतात की अर्ध्या वाड्याला ऐकू जावं. लपून राहायचा प्रकारच नाही. पकडणाऱ्याला आवाजाच्या दिशेने चालत जायचं आणि तोंडावर टॉर्च मारायचा एवढंच काम, उजेड पडला की बेडूक बसल्या जागी थिजतो. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात गोणी. मग ते 'जंपिंग चिकन' या नावाने गुपचूप कुठल्यातरी ताटात जातं.

हे बेकायदेशीर आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. वन्यजीव कायद्याखाली तुरुंगात जायची वेळ येऊ शकते, वन खातं पावसाच्या तोंडावर गस्तही घालतं, तरी चालूच आहे. मी एकदा आमच्या वाड्यावरच्या एका काकांना विचारलं तर म्हणाले, "मस्त आसात गो ते, सोंपचे नात," म्हणजे पुष्कळ आहेत, संपायचे नाहीत. मला राग येतो तो याच वाक्याचा. कारण ते ज्या रात्री पकडतात त्याच त्यांच्या अंडी घालायच्या रात्री असतात! वर्षभर कुठेतरी बिळात, बांधाखाली पडून असलेला प्राणी मोजक्या रात्री पाण्यावर येतो, एकेक मादी हजारो अंडी घालते, आणि नेमकी तेव्हाच तिला गोणीत भरली तर ती सगळी पिढीच गेली ना. बाकीच्या वर्षात शिकार झाली असती तर निदान अंडी तरी मागे राहिली असती.

आता खरं ते खरं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या जागतिक यादीत हा बेडूक धोक्यात आलेला नाही, भारतभर आणि आजूबाजूच्या देशांत आहे. पण ती यादी सगळ्या देशांचा मिळून हिशोब करते, आमच्या मळ्याचा नाही. इथे एकेका मळ्यातून, एकेका सड्यावरून (म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरून) तो गप्प होत जातो. त्यात जमीनही जातेय, भातशेती पडीक पडतेय, मळ्यात भराव पडतायत. पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, तिथल्या पावसाळी डबक्यांबद्दल फार कोणी बोललंच नाही. सड्यावरचं पाणी चार महिने टिकतं आणि तेवढ्यात कितीतरी जीव आपला सगळा संसार उरकून घेतात.

देशाने हा धडा एकदा घेतलाय खरं तर. एके काळी भारतातून हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी जायच्या, शेवटी 1987 मध्ये निर्यात बंद करावी लागली. बेडूक गेले की शेतातले किडे कोण खाणार हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. बैलबेडूक टोळ, भुंगे, खेकडे तर खातोच, तोंडात मावला तर उंदराचं पिल्लूही सोडत नाही. भात लावणाऱ्याने याला मारावं हे मला खरंच कळत नाही.

आणि आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हाच बेडूक, हीच जात, अंदमानात घुसखोर ठरलीय. तिथे तो मुळात नव्हताच, मत्स्यशेतीसाठी बाहेरून माशांची पिल्लं आणली त्यांच्याबरोबर पोचला असं अभ्यासक मानतात, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर असा पसरत गेला. त्याची डिंबकंसुद्धा (अंड्यातून निघालेली, पाण्यात राहणारी शेपटीवाली पिल्लं) मांसाहारी असतात. प्रयोगासाठी तिथल्या स्थानिक बेडकांच्या डिंबकांबरोबर ती ठेवली तर त्यांनी बाकीच्यांचा फडशा पाडला. लोकांची कोंबडीची पिल्लं खातो अशी तक्रार आहे ती वेगळीच. मादागास्करमध्येही तो असाच जाऊन बसलाय.

हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत राहिले. जनावर तेच. इथे त्याला खाणारे साप, बगळे, घोरपडी आहेत, सुकणारी डबकी आहेत, त्यात त्याची एक जागा ठरलेली आहे. अंदमानातल्या बेडकांनी असा शेजारी कधी पाहिलाच नव्हता. म्हणून 'बेडूक चांगला की वाईट' असं कोणी विचारलं तर मी आधी विचारते, कुठला मळा?

हे सांगायचं कारण, हल्ली चांगल्या मनाने एक सूचना येते की बेबे कमी झालेत तर दुसरीकडून आणून सोडूया. प्लीज नको. बाहेरच्या बेडकाबरोबर रोग येतात, बेडकांच्या कातडीला लागणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे, आणि एका डबक्यातला बेडूक उचलून दुसरीकडे टाकताना बरोबर काय काय गेलं ते आपल्याला दिसत नाही. मोरजी आगोंदला कासवांसाठी काय करतात बघा ना, आपल्याच किनाऱ्यावर घातलेली अंडी राखायची आणि पिल्लं तिथूनच समुद्रात जाऊ द्यायची. बेब्यांना तर एवढंही लागत नाही. अंडी घालून होईपर्यंत मळ्यात कोणी गोणी घेऊन गेलं नाही तरी पुष्कळ झालं, पुढचं ते स्वतः करतात.

2020 च्या जानेवारीत सत्तरीत गोळावलीला चार वाघ मेले तेव्हा अख्खा गोवा हळहळला, आणि हळहळायलाच हवं होतं. बेब्यांच्या गोणीसाठी कोणी एक फोनसुद्धा करत नाही. रात्री मळ्यात टॉर्च फिरताना दिसले तर वन खात्याला कळवा, स्वतः जाऊन भांडू नका, ते लोक घोळक्याने असतात.

अजून एक. गावच्या तळीत किंवा शेततळ्यात मासे सोडायला बाहेरून माशांचं बी (बारीक पिल्लं) आणणारे बरेच जण हे वाचत असतील. पिशवी थेट पाण्यात ओतू नका, आधी टबात ओता आणि नीट बघा. त्यात डिंबकं किंवा ओळखू न येणारी पिल्लं दिसली तर ती पाण्यात जाता कामा नयेत. तिलापियासारखा परदेशी मासा एकदा शिरला की पुन्हा बाहेर काढता येत नाही आणि आफ्रिकन मांगूर या माशावर तर देशात बंदीच आहे, तरी दुसऱ्या नावाने विकतात.